चौकटची राणी कुणाकडेही असो

(बेगमपुरा. सुलेखाताईंची पुढची खोली. दुपारचे तीन वाजलेत.)

शिवशंकर: सही फक्त इथं, खाली. पूर्ण नाव नको, ताई. सु. स. एवढं केलं तरी चालतंय.

सुलेखा: आधी मोठ्यानं वाचा.

शिवशंकर: तुम्ही दोनदा वाचलं की आत्ता.

सुलेखा: मी वाचलं. चंपाबाईंनी नाही. इतक्या वर्षांची मैत्रीण आहे माझी. मी काय गुन्हा केला ते तिलाही कळू दे.

चंपाबाई: मला कशाला मधी घेता. मी हर्सूलहून दही घिऊन आले, ते ठिवलं, आता निघायचं बघते.

सुलेखा: बस गं. वाचा, शिवशंकर.

शिवशंकर: "गेल्या मंगळवारी क्लबात झालेल्या ब्रिजच्या सामन्यात श्री. राजकुमारसाहेब यांच्या हातातील पत्ते माझ्याकडून अनवधानाने पाहिले गेले असल्यास त्याबद्दल मी दिलगीर आहे." बस्स. खतम. 'असल्यास' लिहिलंय, ताई. पाहिले असं कुठं म्हटलंय?

चंपाबाई: बघितले व्हय तुम्ही?

सुलेखा: नाही.

चंपाबाई: मग 'असल्यास' कशाला?

सुलेखा: तेच मी यांना विचारतेय. यांचा चहा निवला, पण उत्तर नाही आलं.

शिवशंकर: मी सेक्रेटरी आहे, ताई, जज नाही. बजाजनगरचं वर्कशॉप सोडून भर दुपारी आलोय, का, तर मॅटर मिटावं. तुम्ही सही केली की फाइल बंद, पुढच्या महिन्यात जालन्याच्या स्पर्धेत तुमचं नाव आहे तसं राहतं. नाही केली, तर शनिवारी कमिटी बसणार. एक वर्ष टेबलावर बसायचं नाही, असा ठराव तयार आहे. मीच टाइप केलाय, खोटं कशाला बोलू.

सुलेखा: मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मला एक वर्ष म्हणजे किती, हे कमिटीला कुणी सांगितलंय का?

शिवशंकर: म्हणून तर म्हणतोय, करून टाका.

चंपाबाई: पर झालं काय ते तर सांगा. मला मेंढीकोट येतंय. हुकूम बी कळतो. त्याच्यापुढचं नाय कळत.

सुलेखा: तेवढं पुरे आहे. ब्रिजमध्येही चार माणसं, समोरासमोरचे जोडीदार, तेरा हात. फरक एवढाच, की आधी बोली लावायची, आम्ही इतके हात करू. आणि ज्यानं बोली जिंकली त्याच्या जोडीदारानं आपले पत्ते टेबलावर उघडे मांडायचे. त्याला डमी म्हणतात. दोन्हीकडचं पान मग एकटाच खेळतो. त्या दिवशी मी बारा हातांची बोली केली होती.

चंपाबाई: तेरातले बारा? लई झाले.

सुलेखा: म्हणजे एकच हात द्यायची मुभा. इस्पिक हुकूम. माझी जोडीदार संध्या, तिचे पत्ते समोर उघडे. माझ्या डाव्या हाताला राजकुमारसाहेब, उजव्या हाताला अमृता. मी मोजलं. किल्वरचा एक हात जाणार, त्याला इलाज नाही. उरली चौकट. एक्का आणि दहिला माझ्याकडे, राजा आणि गुलाम डमीत. राणी बाहेर. ती साहेबांकडे असेल तर एका बाजूनं खेळून पकडायची, अमृताकडे असेल तर दुसऱ्या बाजूनं. अंदाज चुकला की राणी हात घेणार, आणि मी बुडणार.

चंपाबाई: आन राणी निघाली त्या साहेबाकडं.

सुलेखा: निघाली. आणि मला बारा हात मिळाले. म्हणून साहेबांनी पत्ते टेबलावर आपटले. म्हणाले, बाईंनी माझा हात पाहिला, नाहीतर असं खेळणं शक्य नाही.

शिवशंकर: आता त्यांचीही बाजू ऐका. ते म्हणतात, किल्वरचा हात बाईंनी मुद्दाम मलाच दिला. अमृताला का नाही, मलाच का? त्यांना माहीत होतं, राणी माझ्याकडे आहे. मी तिथं नव्हतो, पण ऐकायला ते बरोबर वाटतं ना?

सुलेखा: ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून तर सगळ्यांनी ऐकलं. साहेब पत्ते मांडीपर्यंत खाली धरतात, हे क्लबात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यासाठी मी दोन वर्षं खुर्ची तिरकी करून बसते. त्यावरही कुणीतरी म्हणालं, बाई आखडून बसतात.

चंपाबाई: पर ताई, एक विचारू का? जाणाराच हात होता, तर तो शेवटला जाऊ द्यायचा. मधीच उठून दुसऱ्याला कशाला दिला? मेंढीकोटात असं कुणी केलं तर घरचे म्हणतील येड लागलं.

सुलेखा: हाच खरा प्रश्न आहे. क्लबातल्या एकानंही विचारला नाही. शिवशंकर, त्या फळीवरचा पत्त्यांचा जोड घ्या.

शिवशंकर: ताई, मला चार वाजता एक पार्टी भेटायची आहे.

सुलेखा: मग पटकन घ्या. मी माझे सात पत्ते काढते, डमीचे सात समोर मांडते. सहा हात होऊन गेले असं समजा. माझी आणि डमीची बदामं संपली. साहेब आणि अमृताकडचे हुकूम मी काढून घेतले. किल्वरचा एक्का, राजा खेळून झाला. आता माझ्याकडे तीन हुकूम, तीन चौकटी, एक लहान किल्वर. डमीत तेच. बाहेरचे चौदा पत्ते हे घ्या, राणीसकट. मी आत जाऊन पुन्हा चहा ठेवते. तुम्ही दोघं वाटून घ्या सात-सात. राणी कुणाकडे ते मला सांगू नका.

चंपाबाई: भाऊ, राणी तुमच्याकडं ठिवा. तुम्ही त्या साहेबाच्या जागी.

शिवशंकर: हळू बोला, ऐकू जाईल.

सुलेखा: ऐकू आलं. बदला हवं तर. चंपाबाईला द्या, परत तुम्ही घ्या, तीनदा बदला. साखर घालू का दोघांना?

शिवशंकर: घाला. झालं, ताई. या.

सुलेखा: हे माझं किल्वर. बघा, मी घेऊन जा म्हणतेय.

शिवशंकर: घेतला. माझी किल्वरची राणी. आता?

सुलेखा: आता तुमचीच उतारी. टाका काय टाकायचं ते.

शिवशंकर: चौकट टाकली तर तुमच्या तोंडात जाणार, तेवढं मलाही कळतं. बदाम टाकतो.

सुलेखा: बदाम ना माझ्याकडे, ना डमीत. मी डमीतून हुकूम मारला आणि हातातली लहान चौकट फेकून दिली. आता माझ्या हातात चौकटी दोनच. एक्का खेळले, राजा खेळले, तिसरी मी हुकमानं मारणार. तुमची राणी बसली तशीच.

शिवशंकर: थांबा. किल्वर टाकलं असतं तर?

सुलेखा: तेच. किल्वरही आमच्या दोन्हीकडे संपलंय.

शिवशंकर: आणि चौकट टाकली असती तर राणी स्वतःच चालत आली असती.

चंपाबाई: थांबा, आता मी. मी त्या अमृताबाईच्या जागी. राणी कुठं हाय ते सांगत नाय. खेळा तुमचं किल्वर.

सुलेखा: हे घे.

चंपाबाई: भाऊनी बारकं टाकलं, मी घेतलं, किल्वरच्या दश्शीनं. आता बारकी चौकट टाकते. माझ्याकडं कायबी नाय असं समजा.

सुलेखा: मी दहिला लावते.

शिवशंकर: माझ्याकडे त्याच्यावर काही नाही.

सुलेखा: म्हणजे राणी चंपाबाईकडे. वरून एक्का, राजा. संपलं.

चंपाबाई: आरं तिच्या. बरं, मी किल्वर घेतलंच नाय तर? बारकं टाकून दिलं, भाऊनी बी बारकं टाकलं?

सुलेखा: तर जो हात मी देणार होते तो मलाच राहिला. मग राणीनं एक घेतला तरी माझे बारा पूर्ण.

चंपाबाई: म्हंजी समद्या फटी बुजवल्या. मेंढरं वाड्यात घालताना आम्ही हेच करतो. आधी बोराटीच्या काट्यांनी चहूकडनं फटी बंद करायच्या, मग एकच तोंड ठिवायचं. कोणचं मेंढरू आधी येतंय ते बघत बसायचं नाय.

सुलेखा: इंग्रजी पुस्तकात याला एलिमिनेशन आणि थ्रो-इन म्हणतात. तुझं सांगणं जास्त सोपं आहे.

शिवशंकर: एक मिनिट, ताई. मला बोलू द्या. राणी माझ्याकडे होती तेव्हा तुम्ही हेच खेळलात. यांच्याकडे होती तेव्हाही हेच.

सुलेखा: हो.

शिवशंकर: म्हणजे राणी कुठं आहे, ते बघायची गरजच नाही.

सुलेखा: पुढं बोला.

शिवशंकर: आणि ज्यानं बघितली, तो हे असलं सगळं कशाला करील? तो सरळ जाऊन राणी पकडील. दोन पानांत काम. हा खेळ ज्याला राणी दिसली नाही त्याचा आहे.

सुलेखा: हे वाक्य मला आठ दिवसांपूर्वी क्लबात कुणीतरी म्हणायला हवं होतं. बारा माणसं उभी होती तिथं.

शिवशंकर: क्या बोलू. कमिटीत हे कळणारी दीड माणसं आहेत.

चंपाबाई: आन अर्धं कोण?

शिवशंकर: मीच, आत्तापासून. पण ताई, खरं सांगतो, कमिटीला कळून घ्यायचंच नाहीये. राजकुमारसाहेब माजी अध्यक्ष. त्यांना एका डावात कुणी असं बांधून घातलं, हे ते मरेपर्यंत मान्य करणार नाहीत. पत्ते दिसले म्हटलं की त्यांची अब्रू राहते. आपण समजदार माणसानं थोडं झुकायचं, एवढंच. खुद्द संध्याताई काय म्हणाल्या माहीत आहे का?

सुलेखा: मला फोन केला होता तिनं. म्हणाली, अकरा वर्षं तुमच्यासमोर बसले, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण सही होईपर्यंत मी बसणार नाही, लोक मलाही त्यात ओढतील. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार.

शिवशंकर: बघा. जोडीदार गेली. टीम जाणार. एका 'असल्यास'साठी.

सुलेखा: शिवशंकर, तुमच्या क्लबाच्या जुन्या फायली आहेत का अजून?

शिवशंकर: मागच्या खोलीत पडल्यात. वाळवी लागलीय अर्ध्यांना. का?

सुलेखा: त्यात साठ-एकसष्ट सालचा एक कागद असेल, नाहीतर वाळवीनं खाल्ला असेल. त्यावर माझ्या वडिलांची सही आहे. सखाराम. तुमच्या क्लबात पाणी-सोडा द्यायचे ते. सात-आठ वर्षांची असताना मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि मागच्या जाळीतून खेळ बघत उभी राहायची. मी ब्रिज तिथं शिकले, जाळीतून. आमच्यात छप्पन्न साली धम्म घेतला आणि पुढं काही वर्षांनी बाबांनी प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. चार महिने पाटीवर एकच नाव गिरवत होते. घरच्या भिंतीवर, कोळशानं, चुलीशेजारी, जिथं जागा मिळेल तिथं.

चंपाबाई: हे तुम्ही मला कधी सांगितलं नाय.

सुलेखा: पाण्याचा ट्रे घेऊन माणूस चौघांच्या मागून फिरतो, तेव्हा चारही हात दिसतात. डोळे मिटून तर फिरता येत नाही. एक वकील तेव्हा सारखे हरत होते. एक दिवस म्हणाले, सखाराम ग्लास ठेवताना खूण करतो. बाबांना चौकट म्हणजे ईंट, किल्वर म्हणजे चिडी, एवढंच माहीत होतं. निजामाच्या वेळच्या लोकांकडून कानावर पडलेलं. खेळ त्यांना येतच नव्हता. तरी कागद तयार झाला. सेक्रेटरी भले गृहस्थ होते, तुमच्यासारखे. त्यांनी बाबांना समजावलं, अरे 'चूक झाली असल्यास' लिहिलंय, त्यात तू काही कबूल करत नाहीस, नोकरी राहील.

शिवशंकर: आणि त्यांनी केली.

सुलेखा: केली. आयुष्यातली पहिली सही. घरी येऊन आईला सांगितलं, अंगठा नाही लावला, सही केली. खूश होते त्या दिवशी. कागदावर काय होतं ते आईनं विचारलं, तेव्हा घागर घेऊन पाण्याला गेले.

शिवशंकर: नोकरी राहिली ना पण?

सुलेखा: नोकरी राहिली. 'असल्यास' नाही राहिलं. तो शब्द सहा महिन्यांत गळून पडला. मग उरलं काय, तर सखारामनं चूक कबूल केली. पुढं ट्रे दारातल्या स्टुलावर ठेवायला लागले, ज्याला तहान लागेल त्यानं उठून न्यायचं. टेबलाजवळ गेलेच नाहीत परत. नव्वद साली मी सभासद झाले, टेलिफोन खात्यात होते तेव्हा. पहिल्याच दिवशी एक म्हातारे सभासद हसत म्हणाले, सखारामची मुलगी का, मग पत्ते सांभाळून धरा रे. तीस वर्षांनी. सगळे हसले. मीही हसले, शिवशंकर. ते हसणं मला अजून सलतं.

चंपाबाई: राजकुमार होता का तिथं?

सुलेखा: तरुण होते तेव्हा. ऐकलं असणारच. गेल्या मंगळवारी त्यांना काहीच नवीन शोधून काढावं लागलं नाही.

शिवशंकर: मला हे काही माहीत नव्हतं, ताई. आईशप्पथ.

सुलेखा: तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पण मला माहीत आहे. मी छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते, त्यातली वीस ट्रंक लाइनवर कॉल जोडत बसले. कलेक्टरपासून फरार माणसापर्यंत सगळ्यांची बोलणी कानावरून गेली. एक शब्द बाहेर गेला नाही. आणि आता चौकटच्या राणीसाठी डोकावले म्हणून सही करू? नाही करणार. ठराव करा तुमचा.

शिवशंकर: शनिवारी ते खरंच करतील.

सुलेखा: करू दे. क्लबाच्या घटनेत काय आहे ते तुम्हाला माहीत, सेक्रेटरी तुम्ही आहात. सभासदाला टेबलावरून उठवायचं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि सर्वसाधारण सभेत वाचावं लागतं. बरोबर?

शिवशंकर: बरोबर.

सुलेखा: वाचलं, की मला उत्तर द्यायचा हक्क आहे. मी भाषण करणार नाही. चार हात मांडीन, जसे आत्ता मांडले. राणी राजकुमारसाहेबांनाच लपवायला सांगीन, सगळ्यांसमोर. हवी तिथं.

चंपाबाई: मी येते दश्शी टाकायला.

शिवशंकर: आणि कमिटीनं ठराव केलाच नाही तर?

सुलेखा: तर मंगळवारी मी येऊन बसते. तक्रार केली आणि बाई बसलेल्याच आहेत, हे लोक बघतीलच.

शिवशंकर: आणि लांबणीवर टाकलं?

सुलेखा: तरी मंगळवारी बसते. ठराव होईपर्यंत मी सभासद आहे.

शिवशंकर: म्हणजे आम्ही कुठलंही पान टाकलं तरी...

सुलेखा: मी काही म्हटलं नाही. चहा प्या, हाही निवेल.

शिवशंकर: साहेब संध्याकाळी विचारतील, काय झालं. काय सांगू?

सुलेखा: सांगा, बाई घरी होत्या. दोनदा चहा दिला. सही दिली नाही.

शिवशंकर: हे पत्र ठेवून जाऊ का? विचार बदलला तर.

सुलेखा: घेऊन जा. माझ्या घरात असले कागद नकोत.

चंपाबाई: भाऊ, तुमच्या चाव्या ऱ्हायल्या बघा पत्त्यांखाली.

शिवशंकर: हां. ताई, एक राहिलंच. मंगळवारी तुम्ही बसणार म्हणता, पण समोर कोण? संध्याताई नाहीत. बाकीचेही कुणी तयार होणार नाहीत. मी काल दोघांना सहज विचारून बघितलं होतं.

सुलेखा: समोर कुणी नसेल तर खुर्ची असेल. मी बसणार.

शिवशंकर: खुर्चीबरोबर खेळता येत नाही.

सुलेखा: बसता येतं.

शिवशंकर: मला बोली नीट येत नाही. मागच्या वेळी पाच बदाम म्हटलं आणि तीन हातांनी बुडालो. साहेब म्हणाले, सेक्रेटरींनी फायलीच सांभाळाव्यात.

सुलेखा: तुमची ती जागाही जाईल, शिवशंकर. विचार करून बोला.

शिवशंकर: विचार करतोय. पार्टीला फोन करून सांगतो, उशीर होतोय म्हणून. मघाचा तो हुकमाचा भाग परत एकदा दाखवा, तो माझ्या डोक्यात अर्धाच शिरला. मंगळवारी मी पाचला पोचलो तर चालेल ना?

सुलेखा: चारला. मी पावणेचारलाच बसलेली असते.